वय किती, ऊन किती

कल्याणहून मुरबाडला निघालेल्या एसटीत कंडक्टरला दिवसभर माणसांच्या चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधावा लागतो. पासष्ट पूर्ण झालेल्या पुरुषाला अर्धं तिकीट. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना प्रवास मोफत. १७ मार्च २०२३ पासून कोणत्याही वयाच्या बाईला निम्मं भाडं. मग वाटेतल्या थांब्यावर चढलेल्या एखाद्या बाईंकडे बघून तो सहज विचारतो, “आजी, पंच्याहत्तरचं कार्ड आहे ना?” बाई पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढतात आणि आधार कार्ड उलगडून त्याच्यापुढे धरतात. वय निघतं अठ्ठावन्न. “एवढी म्हातारी दिसते का रं मी?” त्या विचारतात. तिकीट फाडून कंडक्टर पुढे सरकतो. बाई मात्र खिडकीच्या काचेत आपला चेहरा न्याहाळत राहतात.

म्हातारं दिसण्याची काळजी शहरातल्या पैसेवाल्यांना, असा समज आहे. तो खरा नाही. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन मोठे ग्रामीण तालुके. भातशेती, जंगल, वीटभट्ट्या आणि मुंबईची तहान भागवणारी धरणं यांचा हा मुलूख. इथेही लोक आरशात बघतात. इथेही पांढरा केस पहिल्यांदा दिसतो तेव्हा पोटात गलबलतं. फरक एवढाच की इथल्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यातलं बरंचसं वयाने आणलेलं नसतंच. ते कोणी आणलं हे कळलं, तर काळजीतला निदान अर्धा भाग कमी करता येतो.

दंडाची आतली बाजू

साठीच्या कोणत्याही शेतकरी बाईचा हात हातात घेऊन पाहावा. मनगटापासून कोपरापर्यंतची वरची बाजू काळवंडलेली, चिमटीत धरली तर सावकाश खाली बसणारी, बारीक रेघांनी भरलेली. तोच हात उलटा करून काखेजवळची दंडाची आतली बाजू पाहिली, तर कातडी पातळ झालेली असली तरी मऊ असते, रंगाने उजळ आणि सलग असते. हात एकच, वयही एकच. वर्षांमुळे झालेला बदल आतल्या बाजूला दिसतो. बाहेरच्या बाजूला त्याच्या जोडीला ऊन दिसतं.

त्वचेचं म्हातारपण असं दुहेरी असतं. पहिलं आतून येतं. त्वचेच्या मधल्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची वीण असते. बाजेचा सुंभ सैल पडला की बाज झोळते, तशी ही वीण विरळ झाली की त्वचा सैलावते. प्रौढपणी कोलॅजन दरवर्षी थोडं थोडं घटत जातं, पण बायकांच्या बाबतीत एक मोठा उतार येतो. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते. “पन्नाशीत एकदम उतरली” असं एखादीबद्दल म्हटलं जातं, त्यामागे हे शरीरशास्त्र असतं. तिने स्वतःकडे दुर्लक्ष केलं, असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरं म्हातारपण बाहेरून येतं आणि त्याचा सगळ्यात मोठा वाटेकरी म्हणजे ऊन. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका अमेरिकी ट्रकचालकाचं छायाचित्र प्रसिद्ध झालं. वय ६९. २८ वर्षं त्याने मालवाहू ट्रक चालवला होता. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीतून येणारं ऊन वर्षानुवर्षं त्याच्या डाव्या गालावर पडत राहिलं. चेहऱ्याची उजवी बाजू त्याच्या वयाला साजेशी होती. डावीकडे मात्र कातडी जाड होऊन तिला खोल घड्या पडल्या होत्या. खिडकीची काच भाजणारे किरण बऱ्यापैकी अडवते, पण त्वचेत खोलवर शिरून कोलॅजन तोडणारे अतिनील-अ किरण तिच्यातून आत येतात.

हा ट्रकचालक निदान काचेआड बसलेला होता. मुरबाडच्या शेतकऱ्याला काचही नसते. एप्रिल-मे महिन्यांत रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून राब भाजायचा, तेव्हा वरून ऊन आणि समोरून जाळ. जुलैत आवणीला वाकून दिवसभर चिखलात उभं राहायचं. आभाळ भरलेलं असतं म्हणून ऊन नाही असं वाटतं, पण पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली पोचतात. दिवाळीनंतर कित्येक कातकरी आणि ठाकूर कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच राहतात. वर्षातले जेमतेम काही आठवडे त्यांचं तोंड सावलीत असतं.

सावळ्या रंगाची मदत होते, हे खरं. मेलॅनिन हे रंगद्रव्य किरणांना बरंच अडवतं, म्हणून आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा पडतात. पण तेच मेलॅनिन जागोजाग साचून गालावर वांग, कपाळावर काळपट पट्टे आणि डोळ्यांखाली गडद घेर उमटवतं. इथल्या बायका सुरकुत्यांपेक्षा वांगाबद्दल जास्त विचारतात, ते यामुळेच.

चूल आणि मिशेरी

धुराचं नाव डोळ्यांशी आणि फुप्फुसांशी जोडलं जातं, चेहऱ्याशी सहसा जोडलं जात नाही. २०१५ साली चीनमधल्या स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात लाकूड-कोळशासारख्या घन इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर, वय आणि ऊन यांचा हिशोब वेगळा काढूनही, सुरकुत्या जास्त खोल आढळल्या. धुरातले बारीक कण त्वचेत दाह निर्माण करतात आणि त्यातून कोलॅजन तुटतं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि डोंगराखालच्या पाड्यांवरही सिलिंडर पोचले. पण भरलेल्या सिलिंडरचा खर्च आणि जंगलातून फुकट मिळणारा लाकूडफाटा यांत निवड करायची वेळ आली, की बऱ्याच घरांत चूलच पेटते.

मिशेरी धुरापेक्षाही जास्त नुकसान करते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि सकाळी बोटाने दातांवर चोळायची. दात घासण्याचं निमित्त, आणि हळूहळू दिवसातून चार-पाच वेळा लागणारी सवय. तिने हिरड्या मागे सरकतात, मुळं उघडी पडतात, दात हलू लागतात. पन्नाशीत दाढा गेल्या की चेहऱ्याचा पायाच खचतो. जबड्याचं हाड दातांच्या दाबावर टिकून असतं. दात पडला की ते हाड झिजत जातं. मग गाल आत जातात, ओठांना आधार राहत नाही, हनुवटी नाकाकडे सरकते आणि तोंडाचं बोळकं होतं. माणूस एका वर्षात दहा वर्षांनी मोठा दिसू लागतो. उलटही खरं आहे. नीट बसलेली कवळी चेहऱ्यावरची जितकी वर्षं मागे नेते, तितकी कोणतीही क्रीम नेत नाही, आणि भाकरीही चावता येते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, या कारणासाठी तर मिशेरी सोडायलाच हवी.

पाठीचंही तसंच. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन उताराची वाट चढणाऱ्या बाईच्या मानेच्या मणक्यांवर ते ओझं वर्षानुवर्षं पडतं. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होतात, मणके चेपतात, उंची कमी होते, पाठीला पोक येतं. “आजी वाकली” हे शब्द वयाच्या नावावर जमा होतात. त्यातला हंड्याचा वाटा कोणी मोजत नाही.

काळ्या मेंदीची पुडी

केसांची गोष्ट थोडी वेगळी. केसाच्या मुळाशी रंग भरणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांचा साठा संपला की नवा केस पांढराच उगवतो. आशियाई लोकांत हे साधारण पस्तिशी-चाळिशीच्या मध्ये सुरू होतं. पंचविशीच्या आधी केस पांढरे व्हायला लागले, तर मात्र आनुवंशिकतेबरोबर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि धूम्रपान यांचाही विचार करावा लागतो. लग्नाळू पोराची बघाबघी सुरू असताना कानशिलावर पांढरे केस दिसले, की घरात कुजबुज होते आणि आठवडी बाजारातून काळ्या मेंदीची पुडी येते.

मेंदीच्या पानांचा रंग तांबूस असतो, काळा नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन हे रसायन असतं. अनेकांना ते सोसतं, पण काहींचं कपाळ आणि पापण्या सुजतात, टाळू चिघळते. एकदा अशी ॲलर्जी झाली की ती आयुष्यभर राहते. कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर रंग लावून दोन दिवस थांबायचं, ही साधी चाचणी पुडीवर बारीक अक्षरांत छापलेली असते. ज्यांनी ती वाचायला हवी, त्यांची नजर त्या अक्षरांवर ठरत नाही.

वांग घालवणाऱ्या क्रीमचा धोका याहून मोठा. चार दिवसांत चेहरा उजळतो, तेव्हा त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं आणि क्रीम थांबवली की काळेपणा दुपटीने परततो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काही क्रीममध्ये तर पारा सापडतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तीन जणींच्या मूत्रपिंडांना सूज आल्याचं प्रकरण समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्या तिघी वापरत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो.

गोंदण आणि गुलाबी साडी

अंगावरच्या खुणा नेहमी नकोशाच असतात असं नाही. इथल्या ठाकूर आणि कातकरी आजींच्या अंगावर गोंदण असतं. कपाळावर ठिपके, मनगटावर फुलं, रेघा. लहानपणी सुईने टोचलेला काळा रंग त्वचेच्या मधल्या थरात राहतो, वरून तो हिरवट-निळा दिसतो, आणि कातडी सैलावत जाते तशा रेघा पसरट होतात. तरीही कोणी आजी ते लपवत नाही. मेल्यावर सगळे दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या सांगतात. त्याच हातावरच्या सुरकुत्यांबद्दल मात्र त्या संकोचून बोलतात. एकाच कातडीवरच्या दोन खुणांपैकी एक अभिमानाची आणि दुसरी लाजेची, हे शरीराने ठरवलेलं नाही. माणसांनी ठरवलं आहे.

म्हाताऱ्या बाईवर हा धाक दोन्हीकडून येतो. थकलेली दिसली तर “आता हिचं काय काम” आणि नीटनेटकी राहिली तर “या वयात शोभतं का”. विधवा असेल तर कुंकू, हिरव्या बांगड्या, फुलं, गडद रंग, सगळंच दूर. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात याची सुरुवात त्याही आधी, वेगळ्या वाटेने झाली होती. २०१६ च्या शिवजयंतीला गावात वाचन चालू असताना म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने त्याच वर्षी ८ मार्चला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस आज्या, पाठीला दप्तर, हातात पाटी-पेन्सिल. शिकवायला गावातलीच एक सून, आणि वर्गात तिची स्वतःची सासू.

गणवेश ठरला गुलाबी साडीचा. वर्गात विधवाही होत्या आणि असा रंग अंगावर घ्यायची त्यांना सवय राहिली नव्हती. पण गणवेश सगळ्यांना सारखा, म्हणून एकटीने धीटपणा दाखवायची गरज उरली नाही. दुपारच्या वेळी गुलाबी साड्यांची रांग शाळेकडे निघाली, की शाळकरी नातवंडं आजीला सोडायला येऊ लागली. फोटो काढायला देशाबाहेरून माणसं आली, तेव्हा याच बायका सुरकुतलेले चेहरे वर करून कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. चेहरे तेच होते. आता गावाला त्यांत विद्यार्थिनी दिसत होत्या.

उमटेनासा झालेला अंगठा

सही करता येणं, हा या शाळेचा पहिला व्यवहारी लाभ. त्याआधी बँकेत यांच्यातल्या बहुतेकींचा अंगठाच चालायचा. आणि वयाने बदलणाऱ्या शरीराची सगळ्यात कडक तपासणी आज या अंगठ्याचीच होते.

पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतर रेशन, बँक, निवृत्तिवेतन सगळीकडे बोटाचा ठसा आला. पण वयाबरोबर ठशाच्या उंचवट्यांची उंची घटते, कातडी कोरडी होते आणि विटा, सिमेंट, कोयता, राख यांनी त्या रेघा घासल्या जातात. रेशन दुकानातल्या मशिनवर आजीने तीनदा-चारदा अंगठा टेकवला तरी दिवा हिरवा होत नाही. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते आणि आजी ओशाळून हात लुगड्याला पुसत राहते. आपलं शरीर आपली ओळखही पटवू शकत नाही, ही भावना सुरकुत्यांच्या दुःखापेक्षा खोल जाते.

यावर उपाय आहेत. ठशांची मुळं खोल थरात असल्याने काही दिवस घासकाम थांबलं, की वरवर झिजलेल्या रेघा बऱ्याचदा पुन्हा वर येतात. हात धुऊन, किंचित ओलसर करून दुसरं बोट लावून पाहता येतं. रेशन कार्डावर नाव असलेला घरातला दुसरा सदस्य ठसा देऊ शकतो. डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आधारमध्ये असतेच. नोव्हेंबर २०२१ पासून निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइलवर चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते. त्यासाठी आधारमधला फोटो जुना झाला असेल तर नवा काढून घ्यावा.

वय सिद्ध करायचा प्रश्न त्याच्या उलट दिशेने येतो. श्रावणबाळ योजनेचं वेतन पासष्टीनंतर मिळतं. जन्माची नोंद नसलेल्या पाड्यांवरच्या कित्येकांच्या आधार कार्डावर जन्मतारीख अंदाजाने टाकलेली १ जानेवारी असते. ती खऱ्या तारखेच्या पाच वर्षं पुढची असेल तर पाच वर्षांचं वेतन जातं. इथे दिसण्यावरून कौल देता येत नाही. पंचविशीनंतर दात आणि हाडं पाहूनही नेमकं वय सांगणं डॉक्टरांनाही जड जातं, मग चेहऱ्यावर ऊन झेललेल्या माणसाचं कोण सांगणार?

काय करता येईल

वय थांबवता येत नाही, आणि थांबवायची गरजही नाही. पण आपल्याबद्दल आपण काय मानतो, त्याने आयुष्याच्या लांबीतही फरक पडतो. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांच्या नोंदी तपासल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाबद्दल चांगलं मत असलेले लोक वाईट मत असलेल्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. हे मत कोणी एकट्याने बनवत नाही. ते घरातल्या बोलण्यातून, एसटीतल्या प्रश्नातून, रेशनच्या रांगेतल्या चुळबुळीतून बनतं.

म्हणून कामं दोन प्रकारची आहेत. पहिली घरातली. राब भाजायला आणि भट्टीवर जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा चेहऱ्यावर सावली धरणारा पदर घ्यावा. चुलीला धुराडं बसवावं. मिशेरी सोडावी, आणि सुटत नसेल तर सरकारी दवाखान्यात मदत मागावी. वांगासाठी ट्यूब घेण्याआधी डॉक्टरांना चेहरा दाखवावा. भारतात अंधत्वाचं मुख्य कारण मोतीबिंदू आहे आणि त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते, तेव्हा ती पुढे ढकलू नये. दृष्टी परतली की चालण्यातला आणि चेहऱ्यावरचा बुजरेपणा जातो, हे शस्त्रक्रिया झालेल्या कोणत्याही घरात पाहायला मिळतं.

दुसरी कामं गावाची आहेत. पाण्याचा नळ पाड्यापर्यंत आला, तर चाळिशीतल्या बायकांच्या माना आणि पाठी वाचतील. रेशन दुकानदाराने ठसा न उमटणाऱ्यांसाठीची सोय स्वतःहून सांगितली, तर रांगेतला अपमान टळेल. ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडायला कोणीतरी एकीने उभं राहायची तेवढी गरज असते. फांगण्यात मोठा निधी लागला नव्हता. एक खोली, तीस पाट्या, एक शिकवणारी आणि सगळ्यांना सारखी साडी एवढ्यावर शाळा सुरू झाली होती. शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली संध्याकाळी मोकळी असते.